शाळेचं वृंदगान मोठ्या सभागृहात : मुलं ओरडायला लागली आहेत, काय करू?

निळी_शाई
मी शाळेत संगीत शिकवते. आमच्या वृंदात ४४ मुलं आहेत, वय ९ ते १४. वर्षभर आम्ही शाळेच्या हॉलमध्ये गातो. बुटकं छत, समोरची भिंत हाताच्या अंतरावर. तिथे मुलं इतकं सुंदर गातात की कधीकधी हात खाली सोडून नुसतं ऐकत राहावंसं वाटतं.

तीन आठवड्यांनी त्यांना एका मोठ्या संगीत सभागृहात गायचं आहे. दोन हजार खुर्च्या, दोन सज्जे, आणि छत एवढं उंच की आत पाऊल टाकताच ४४ माना एकदम मागे गेल्या.

काल तिथे पहिल्यांदा अर्धा तास मिळाला. पहिली ओळ झाली आणि मुलं बावरली. पुढच्या रांगेतल्या मुलीने गाणं थांबवून विचारलं, "बाई, आमचा आवाज कुठे गेला?" दुसऱ्या ओळीपासून सगळी ओरडायला लागली. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. दुसरं गाणं साथीशिवाय आहे. ते संपल्यावर सूर तपासला तर पट्टी अर्ध्या स्वराने खाली उतरलेली. शाळेत असं कधी झालं नव्हतं.

तीन प्रश्न आहेत. माइक मागावेत का? ओरडणं कसं थांबवू? आणि तिसरा जास्त अवघड. एका मुलाचा सूर अलीकडे अजिबात लागत नाही. एका सहकाऱ्याने सुचवलं, त्याला मागे उभा करा आणि फक्त ओठ हलवायला सांगा. मला ते पटत नाहीये, पण दुसरं काही सुचतही नाहीये.

चांदणचुरा
आधी मनापासून अभिनंदन, तुमचं आणि मुलांचं! वाचते आहे.

मंद्र
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्याच्यावर अवलंबून आहे.

तुमची मुलं हट्टाने ओरडत नाहीयेत, त्यांचे कान त्यांना ओरडायला लावतायत. स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की माणूस आपोआप जोर लावतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने हे १९११ साली लिहून ठेवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. शाळेच्या हॉलमध्ये भिंत जवळ असते, तुमचाच आवाज पटकन परत येऊन "आहे, आहे" म्हणत राहतो. मोठ्या जागेत तो लांब जातो आणि उशिरा येतो. हिशेब करा: ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत ३४ मीटरवर असेल तर जाऊन यायला ०.२ सेकंद लागणार. मुलांना वाटतं आवाज गेला. तो गेलेला नसतो, वाटेत असतो.

हे समजावून सांगून भागत नाही, ऐकवावं लागतं. पुढच्या वेळी वृंदाचे दोन भाग करा. अर्धी मुलं मंचावर, अर्धी वरच्या सज्ज्यात शेवटच्या रांगेत. मंचावरच्यांना अगदी हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखं गायला सांगा. मग अदलाबदल. शेवटच्या रांगेत बसून मित्राचा हळू आवाज ज्याने एकदा ऐकला, तो परत ओरडत नाही. मी आजवर चार वृंदांबरोबर हे केलंय.

साउंडचेक
माइकबद्दल. मी १६ वर्षं सभागृहांची ध्वनिव्यवस्था बघतो.

संगीतासाठीच बांधलेली जागा असेल तर गाण्यासाठी माइक नको. निवेदनाला एक पुरे. चार मुलांसमोर चार माइक ठेवले की प्रेक्षक त्या चौघांनाच ऐकतात आणि बाकीचे ४० पडद्यावरच्या चित्रासारखे मागे उभे राहतात. सगळ्यांत धीट चार मुलं समोर असतात, त्यामुळे वृंदाचा सगळा मऊपणाच जातो. नाटक, भाषण, सगळंच होणारी जागा असेल, भिंती गाद्यांसारख्या मऊ असतील, तर समोर उंचावर दोन माइक घेऊन किंचित आधार द्यावा. प्रेक्षकाला तो कळताही कामा नये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो: मुलांच्या मागे काय होतं? काळे पडदे असतील तर अर्धा आवाज तिथेच गेला. पडदे आवाज पितात. व्यवस्थापकांना विचारा, मागे लावायचे लाकडी पॅनल त्यांच्याकडे बहुधा असतात. नसतील तर मुलांना मंचाच्या खोलात उभं करू नका, पुढे आणा. खोलात उभं राहिलं की आवाज मंचाच्या वर, पडदे ओढायच्या दोरखंडांसाठी ठेवलेल्या पोकळीत जातो.

आणि अजून मुलं घ्या, असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. ४४ ची ८८ केली तरी फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो.

निळी_शाई
काळे पडदेच होते! लगेच विचारते.

गवतफूल
मी तिसऱ्या प्रश्नासाठी लिहिते आहे. एरवी इथे वाचनमात्र असते.

ओठ हलवणारी मुलगी मी होते. वय १०. आमचाही कार्यक्रम असाच मोठ्या ठिकाणी होता. रंगीत तालमीत बाई रांगेतून कान देत फिरत होत्या. माझ्यापाशी थांबल्या, माझ्या ओठांवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "तू नुसतं तोंड हलव हं, छान दिसतेस." रागावल्या नव्हत्या, हसून म्हणाल्या होत्या.

मी तिन्ही गाणी तोंड हलवलं. सगळे शब्द पाठ होते. श्वाससुद्धा सगळ्यांबरोबर घेतला आणि आवाज न करता सोडला. खाली आल्यावर आईने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "एवढ्या सगळ्यांत तुझा आवाज मला बरोबर ओळखू आला." मी तिला काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

आज माझं वय ४७ आहे. कुणाचा वाढदिवस असला आणि सगळे गायला लागले की मी टाळ्या वाजवते.

निळी_शाई, कृपा करून असं करू नका.

चांदणचुरा
गवतफूल... काय लिहू. बरं झालं लिहिलंत.

खडूफळा
गवतफूल यांच्याबाबतीत जे झालं ते वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण दुसरी बाजू मांडतो. मीही १२ वर्षं शाळेचा वृंद बसवला आहे.

बाकीच्या ४३ मुलांनी वर्षभर मेहनत घेतली आहे. साथ नसलेल्या गाण्यात एक चुकीचा सूर लपत नाही. मोठ्या सभागृहात तर नाहीच, तिथली हवा तो उचलून शेवटच्या रांगेपर्यंत नेते. शेजारचं मूल त्याच्याकडे ओढलं जातं, मग त्याच्या शेजारचं. कबड्डीच्या संघात निवड होते तेव्हा कुणी हरकत घेत नाही. गाण्यातच ती क्रूर का ठरावी? ओठ हलवायला लावणं खोटेपणा आहे, ते नकोच. पण एखादं दुसरं खरं काम द्या. निवेदन द्या, सुरुवातीचा सूर द्यायची जबाबदारी द्या. मूल खूश राहतं आणि गाणंही राहतं.

गवतफूल
खडूफळा, तुमचा मुद्दा समजला. फक्त एक विचारते. त्या मुलाला निवेदन हवंय का, हे त्याला कुणी विचारलं आहे का? मला त्या दिवशी कुणी काही विचारलं असतं तर मी म्हणाले असते, मला गायचंय.

मंद्र
मधे पडतो. "सूर लागत नाही" हे वाक्य आपण फार लवकर वापरतो. ज्याला स्वरातला फरकच कळत नाही असं मूल क्वचित भेटतं. बहुतेकांना फरक कळतो, पण तो स्वर आपल्या गळ्यात कुठे आहे ते सापडलेलं नसतं. अशा मुलाला आपला सूर देऊन "लाव" म्हणायचं नाही. उलट करायचं. तो जो काही सूर काढेल तो आपण धरायचा. त्याच्या सुरात आपण सूर मिसळला की दोन आवाज एक झाल्याचा अनुभव त्याला कदाचित पहिल्यांदाच येतो. तिथून त्याला एकेक पायरी वर न्यायचं.

आणि त्याला मागच्या रांगेत मुळीच नको. पक्क्या सुराच्या दोघांच्या पुढे उभा करा. सूर पाठीमागून कानात पडला पाहिजे.

अनाहत
थांबा थांबा. "अलीकडे" लागत नाही असं लिहिलंय ना? मुलाचं वय किती? आधी लागत होता का?

निळी_शाई
वय १३. हो, गेल्या वर्षी तर वरच्या सुरांना मी त्याच्याकडेच बघायचे.

अनाहत
मग आवाज फुटतोय त्याचा! बेसूर कसला? स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि काही महिन्यांत आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. या काळात गळ्यात मोजके पाच-सहा स्वर भरवशाचे राहतात, बाकीचे आज आहेत, उद्या नाहीत. त्याला कालपर्यंत जिथे सूर सापडायचा तिथे आज हात घातला तर काहीच नाही. मनातून तो किती घाबरला असेल याचा विचार करा.

त्याच्याशी एकट्याने बोला. घशाला काही झालेलं नाही, हे कुणीतरी मोठ्या माणसाने त्याला सांगायला हवं. मग त्याचे भरवशाचे स्वर कोणते ते शोधा आणि त्याच्यासाठी तेवढ्याच स्वरांची ओळ लिहा.

खडूफळा
हे मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं. अनाहत, धन्यवाद.

रिकामी_खुर्ची
थोडं अवांतर, पण सभागृहांचा विषय निघालाय म्हणून. सभागृह आवाज का सांभाळतं किंवा का घालवतं, याचं शास्त्र एका अगदीच वाईट खोलीतून निघालं. १८९५ साली हार्वर्डमध्ये एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं. बोललेला शब्द तिथे पाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा, पुढचे दहा शब्द त्यात बुडायचे. वॉलेस सॅबीन या तरुण प्राध्यापकावर ते सुधारायचं काम आलं. दिवसा गोंगाट, म्हणून तो आणि त्याचे मदतनीस रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, एकेक करत खोलीत मांडायचे, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि ती ऐकू येईनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा. पहाटे गाद्या परत जागच्या जागी.

त्यातून सूत्र मिळालं: खोलीचं आकारमान जितकं जास्त तितका आवाज जास्त वेळ घुमणार, आवाज पिणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त तितका कमी. या सूत्राच्या आधारे बांधलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल १९०० मध्ये उघडलं, आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याचं नाव घेतात.

उलटं उदाहरण लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं. १८७१ ला उघडलं, पण घुमटावरून येणारा प्रतिध्वनी जवळजवळ शंभर वर्षं जाचत राहिला. शेवटी १९६९ मध्ये छताखाली मोठमोठ्या तबकड्या टांगल्या. लोक त्यांना अळंब्या म्हणतात.

तुमच्या कामाचा भाग असा की माणसंसुद्धा आवाज पितात. रिकाम्या सभागृहात जो घुमारा ऐकलात तो प्रेक्षक बसल्यावर तेवढा राहणार नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी पुन्हा "आवाज कुठे गेला?"

चांदणचुरा
गाद्या उचलणारे प्राध्यापक फार आवडले!

कोपरा
पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी अशाच कार्यक्रमात मंचावर चक्कर येऊन पडली होती. गुडघे ताठ करून बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. त्यात दिव्यांची उष्णता, आणि घाबरून धरून ठेवलेला श्वास. मुलांना गुडघे किंचित सैल ठेवायला शिकवा, मधल्या टाळ्यांच्या वेळी पायांची बोटं हलवायला सांगा. कुणाला गरगरलं तर तिथेच खाली बसायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगा. पायऱ्यांच्या मंचावर शेवटच्या फळीला मागे कठडा आहे ना, तेही बघा.

अजून एक. दिवे लागल्यावर समोर फक्त काळोख दिसतो. माझ्या मुलीला त्याची भीती वाटली होती. आईबाबा कुठे बसलेत ते शोधत राहिली आणि पहिलं कडवं गेलं.

साउंडचेक
कोपरा, +१००. तालमीत पाच मिनिटं तरी पूर्ण दिवे लावून मागा. साथीचा पियानो असेल तर तो मुलांच्या जवळ घ्या. दहा मीटर लांब ठेवला तर आवाज पोहोचायलाच ३० मिलिसेकंदांच्या आसपास जातात, आणि लय कुठे सांडते ते कुणालाच कळत नाही.

खडूफळा
उच्चारांचं सांगतो. मोठ्या जागेत स्वर लांबतात, पण व्यंजनं एकमेकांवर साचतात. ओळ "स" ने संपत असेल आणि ४४ मुलांनी तो आपापल्या वेळी म्हटला, तर शेवटच्या रांगेत साप फुत्कारल्यासारखं ऐकू येतं. शेवटचं व्यंजन तुमच्या हाताबरोबर एकदाच पडलं पाहिजे. लयही शाळेपेक्षा अगदी किंचित सैल ठेवा. पुढची ओळ सुरू करण्याआधी मागची विरू द्या.

आणि मुलांना सांगा, कान कितीही ओढले गेले तरी डोळे बाईंच्या हातावर. सभागृहातून परत येणाऱ्या आवाजाबरोबर गायला लागलं की लय मागे पडत जाते.

निळी_शाई
काल दुसरी तालीम झाली, एक तास मिळाला. मागे लाकडी पॅनल लावून दिले. आधी मी कुणालाच गाऊ दिलं नाही. मंचावर उभी राहून एक टाळी वाजवली आणि डोळे मिटून ती संपेपर्यंत ऐकायला सांगितलं. तिसऱ्या टाळीला एक नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाई, हा हॉल आपल्यानंतर गातो." मग मंद्र म्हणाले तसे दोन गट केले. वरून उतरून आलेली मुलं धावतच आली. "ती हळू गात होती तरी तिचा श्वाससुद्धा ऐकू आला!" त्यानंतर एकाच्याही गळ्याची शीर दिसली नाही.

त्या मुलाशीही बोलले. शाळा सुटल्यावर, वर्गात दोघंच. आवाजाला काय होतंय ते सांगितलं तर बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे परत येईल?" मी म्हटलं, वेगळा होऊन येईल. त्याचे भरवशाचे स्वर शोधले. खालच्या षड्जाच्या आसपास पाच आहेत आणि त्यातला षड्ज खांबासारखा घट्ट.

तेव्हा एक कल्पना सुचली. चौदा वर्षांचे दोन मुलगे आहेत, त्यांचा आवाज फुटून आता स्थिरावला आहे. तिघांनी मिळून साथीशिवायच्या गाण्यात ओठ मिटून खालचा षड्ज धरून ठेवायचा, आळीपाळीने श्वास घेत, म्हणजे तो तुटणार नाही. जमेल का?

मंद्र
जमेल! आणि तुमचा पट्टी उतरण्याचा प्रश्नही त्यातच सुटू शकतो. वरच्या सुरांना पायाखाली काहीतरी मिळेल. फक्त तिघांना पसरून उभं करा, मधल्या रांगेत, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.

अनाहत
सकाळी जड वाटलं तर त्याने पुटपुटतच धरावा. जोर लावू देऊ नका.

रिकामी_खुर्ची
श्वासावरून आठवलं. २०१३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. वाक्यांच्या लांबीप्रमाणे सगळ्यांचा श्वास एका वेळी पडतो आणि त्याबरोबर ठोक्यांची गती एकत्र चढते-उतरते, असं दिसलं. सुरू करण्याआधी हात वर नेऊन तुम्ही जो श्वास घेता, तो सगळ्यांना दिसेल असा घ्या.

कोपरा
कार्यक्रम कधी आहे? आम्ही सगळे वाट बघतोय.

निळी_शाई
झाला. काल संध्याकाळी. रात्रीच लिहायचं होतं, पण हात थरथरत होते.

पहिलं गाणं पियानोबरोबर, ते सुरळीत गेलं. दिवे लागल्यावर दोन लहान मुली बावरल्या होत्या, पण आधी पाहिलेलं असल्यामुळे सावरल्या. टाळ्यांत मला पायांची बोटं हलताना दिसली. कोपरा, तुमची आठवण आली.

मग पियानो बंद. तिघांनी षड्ज लावला. आधी मलाही कळलं नाही तो कुठून येतोय. मंचाच्या लाकडातून आल्यासारखा वाटला. बाकीच्यांना हात देण्याआधी मी ठरवल्यापेक्षा जास्त थांबले, कारण प्रेक्षकांची चुळबुळ थांबत होती आणि मला ती पूर्ण थांबू द्यायची होती. मग मुलं आली. हळू. शाळेत गातात त्याहून हळू.

तिसऱ्या कडव्याला मधल्या रांगेतली एक मुलगी सूर सोडतेय असं वाटलं. तिच्या शेजारी तोच मुलगा होता. तिने मान जराशी त्याच्याकडे कलवली, दोन अक्षरं गाळली आणि नेमकी सुरावर परत आली.

शेवटचा स्वर सोडून मी हात वरच ठेवला. मुलं माझ्याकडे बघत नव्हती. सगळी वर, छताकडे बघत होती, ऐकत.

नंतर पायऱ्या उतरताना तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, मी थांबलो तरी तो तिथेच होता."

गवतफूल
वाचलं. पुन्हा वाचलं. त्याला माझा नमस्कार सांगा. आज संध्याकाळी आईकडे जाते आहे.

खडूफळा
निळी_शाई, फार आनंद झाला. आणि पट्टी? शेवटी किती उतरली?

निळी_शाई
विंगेत आल्या आल्या ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. मुलं भोवती उभी राहून तोच षड्ज गुणगुणत होती. केसाएवढा खाली. बस्स, तेवढाच.